परिक्रमेनंतरची पेढी

शिक्षण किंवा नोकरी थांबवून सहा महिने ते दोन-तीन वर्षे केलेली भ्रमंती, जिची नोंद कोणत्याही हजेरीपटात, पगारपत्रकात किंवा गुणपत्रिकेत सापडत नाही आणि जी संपल्यावर चरितार्थाचा प्रश्न पुन्हा मुळापासून उभा राहतो, तिला या लेखात दीर्घ प्रवास म्हटले आहे. मराठी माणसाच्या ओळखीचे तिचे एक रूप म्हणजे नर्मदा परिक्रमा. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणारी ही नदी पात्र न ओलांडता दोन्ही तीरांनी पुरी करायची, सदावर्तात मिळेल ते शिजवून खायचे आणि चातुर्मासात एका जागी थांबायचे, असा तिचा परंपरागत नियम आहे. शास्त्राने सांगितलेला काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा असला तरी आज पुष्कळ जण काही महिन्यांत ती पूर्ण करतात. ओंकारेश्वर इंदूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर असल्यामुळे परतीची वाट बहुधा इंदूरच्या रेल्वे स्थानकावरून किंवा सरवटे बसस्थानकावरून जाते. संविधान सभेचे सदस्य असलेल्या वि. सी. सरवटे या इंदूरच्या मराठी विद्वानाचे नाव या बसस्थानकाला आहे. या दोन्ही ठिकाणांपासून थोडे चालले की सियागंज ही किराणा, मसाले आणि सुका मेवा यांची ठोक बाजारपेठ लागते. परतलेल्या माणसाला व्यवसायाचे पहिले पाऊल टाकण्यासाठी ही बाजारपेठ पुष्कळ काही देऊ शकते, पण मराठी कुटुंबांचे लक्ष सहसा तिच्याकडे जात नाही.

लक्ष न जाण्याला इतिहास आहे. होळकर राज्यात आलेली मराठी कुटुंबे प्रामुख्याने दफ्तर, न्यायालय, शाळा आणि पुढे बँका यांच्या आधाराने वाढली, तर ठोक व्यापार मारवाडी, गुजराती, बोहरा आणि सिंधी कुटुंबांच्या हाती राहिला. त्यामुळे ‘पेढीवर कामाला लागला’ हे शब्द मराठी घरात आजही थोड्या खालच्या स्वरात उच्चारले जातात. हा स्वर अन्यायाचा आहे. ज्या व्यापाराच्या जोरावर शहर उभे राहिले त्याला कमी लेखून त्याच शहरात पोट भरण्याचा मार्ग शोधणे, हा विचारातला दोष आहे आणि तो दूर केल्यावाचून पुढचे मार्गदर्शन निरुपयोगी ठरेल.

दीर्घ प्रवासाहून परतलेल्या व्यक्तीकडे पाहताना कामावर ठेवणाऱ्याच्या मनात तीन शंका असतात, आणि त्या ओळखल्या की अर्धे काम झाले. माणूस टिकेल की चार महिन्यांनी पुन्हा पिशवी पाठीला लावून निघून जाईल, ही पहिली शंका. रोज ठरलेल्या वेळी येण्याची आणि दुसऱ्याने सांगितलेले काम करण्याची सवय मोडली तर नाही ना, ही दुसरी. रोकड आणि माल त्याच्या हाती सोपवता येईल का, ही तिसरी, आणि व्यापारात तीच सर्वांत जड असते. प्रवासाच्या हकिगती आवडीने ऐकणारा शेठ आणि नोकरी देणारा शेठ एकच असला तरी कौतुक आणि भरवसा हे त्याचे दोन वेगळे निर्णय असतात. म्हणून पहिले पाऊल लहान असावे, ज्ञात माणसांच्या आसपास असावे आणि त्याचा निकाल दुसऱ्याला थोड्या दिवसांत तपासता यावा. मोठे पद, दूरचे शहर किंवा प्रवासाचाच व्यवसाय करण्याची कल्पना या गोष्टी पुढच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवणे हिताचे.

या निष्कर्षाला आधार देणारी उदाहरणे मराठी माणसांच्याच चरित्रांत आहेत. साताऱ्यात १८८५ साली जन्मलेले काका कालेलकर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक होते. ते विद्यालय बंद पडल्यानंतर त्यांनी हिमालयात पायी भ्रमंती केली आणि परतल्यावर शांतिनिकेतनात पुन्हा शिकवण्याचेच काम पत्करले. तेथे १९१५ साली गांधीजींची भेट झाली आणि पुढचे आयुष्य त्या भेटीने ठरवले. हिमालयाच्या प्रवासावरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक नंतरचे आहे. प्रवासाचे साहित्य होण्याची वाट पाहत ते रिकामे बसले नाहीत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. इंदूरच्या अधिक जवळचे उदाहरण नाशिकच्या भारती ठाकूर यांचे आहे. संरक्षण लेखा विभागात नोकरी करणाऱ्या भारतीताईंनी २००५-०६ मध्ये दोन मैत्रिणींसह पायी नर्मदा परिक्रमा केली, पुढे काही वर्षांनी निमाडात मुक्काम हलवला आणि मंडलेश्वरच्या परिसरातील लेपा या गावी मुलांना शिकवण्यापासून आरंभ केला. आज ‘नर्मदा’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची संस्था त्या वर्गाच्या पाठीमागून आली. परिक्रमेत पाहिलेली गरज, त्या गरजेला पुरणारे एक लहान काम आणि त्या कामातून वाढलेला लोकांचा विश्वास, हा क्रम उलटा करता येत नाही.

सियागंजात हाच क्रम व्यापाराच्या भाषेत चालतो. येथील पेढी म्हणजे मालक, मुनीम, विक्रीची माणसे, गोदाम सांभाळणारा आणि हम्माल यांचे एक लहानसे कुटुंब असते. मालकाची बसण्याची जागा ती गादी, हिशेब सांभाळणारा तो मुनीम, आणि दुसऱ्याचा माल विकून त्यावर ठरावीक टक्केवारी घेण्याचा व्यवसाय ती आडत. आडतीचेही दोन प्रकार आहेत. कच्च्या आडतीत आडत्या केवळ मध्यस्थ असतो, सौदा मालधन्याच्या नावावर होतो आणि आडत्याला दलाली मिळते. पक्क्या आडतीत आडत्या स्वतःच्या जबाबदारीवर सौदा करतो, म्हणजे खरेदीदाराने पैसे बुडवले तरी विकणाऱ्याला रक्कम देण्याचे बंधन त्याच्यावर राहते. हा भेद समजलेला नवखा माणूस आणि न समजलेला नवखा माणूस यांच्याशी मुनीम पहिल्याच दिवशी वेगळ्या रीतीने बोलतो.

आता प्रवासाचा खरा उपयोग कोठे होतो ते पाहू. सियागंजातील जवळजवळ प्रत्येक पोत्याला एक गाव असते. जिरे आणि बडीशेप उत्तर गुजरातच्या उंझ्याहून, लाल मिरची आंध्रातील गुंटूरहून आणि कर्नाटकातील ब्याडगीहून, हळद सांगली, निजामाबाद किंवा इरोडहून, बेदाणा तासगावहून, धणे राजस्थानातील रामगंज मंडी आणि गुना जिल्ह्यातील कुंभराजहून, मखाना मिथिलेतून, काजू वेंगुर्ला, गोवा, मंगळुरू आणि कोल्लमकडून, तर हिरवा वेलदोडा केरळातील इडुक्की जिल्ह्यातून येतो. या वेलदोड्याचे लिलाव पुट्टडी आणि तामिळनाडूतील बोडिनायकनूर येथे होतात. ज्याने वर्षभर देश पाहिला त्याने यांपैकी तीन-चार ठिकाणे नकळत पाहिलेली असतात. तेथे पाऊस केव्हा संपतो, माल वाळवायला उन्हे किती लागतात, रस्ता कोठे खचतो, शेतकरी कोणत्या भाषेत भाव सांगतो, हे त्याला ठाऊक असते. पेढीवर वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला मालाचा भाव नेमका माहीत असतो, पण मालाचे गाव त्याने पुष्कळदा पाहिलेले नसते. हे दोन प्रकारचे ज्ञान एका टेबलावर आले तर दोघांचाही फायदा होतो.

मात्र मालाचे गाव पाहणे म्हणजे माल ओळखणे नव्हे, हे नम्रपणे मान्य करावे लागते. काजूचेच उदाहरण घ्यावे. पांढऱ्या अखंड काजूच्या ‘डब्ल्यू ३२०’ या दर्जातला आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती काजू बसतात ते सांगतो. ३०० ते ३२० बसले तर तो ‘३२०’, आणि २२० ते २४० बसले तर तो त्याहून मोठा व महाग ‘२४०’. दलाल नमुन्याची पुडी उघडतो, मूठभर काजू कागदावर पसरतो, तुकडा आणि डागी काजू बोटाने एका बाजूला सारतो, एक काजू मोडून त्याचा कुरकुरीतपणा ऐकतो आणि मगच भावाचे बोलणे सुरू होते. वेलदोड्यात बोंडाचा आकार मिलिमीटरमध्ये मोजतात, रंगाची हिरवाई पाहतात आणि ‘लिटर वेट’ म्हणजे एक लिटरच्या मापात बसणाऱ्या वेलदोड्याचे वजन विचारतात, कारण पोचट माल मापात भरतो पण काट्यावर उतरत नाही. जिरे तळहातावर चोळून त्याचा वास आणि उरलेली माती पाहतात. ही पाहणी पुस्तकातून शिकता येत नाही. पहिल्या दोन महिन्यांत नवख्याने रोज एका जिनसाचा नमुना हाताळून वहीत त्याचे वर्णन, भाव आणि गाव लिहिले तर साठ जिनसांची त्याची स्वतःची नोंदवही तयार होते. अशी वही कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलते.

प्रवासाचा वृत्तांत कामावर ठेवणाऱ्यापुढे कसा मांडावा, याचा नमुनाही या बाजारातच मिळतो आणि तो म्हणजे बिल्टी. बिल्टी ही माल वाहतूकदाराच्या हवाली केल्याची पावती असते. पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, नगांची संख्या, वजन, मालाचे वर्णन, आणि भाडे आधी भरले आहे की माल सोडवताना भरायचे आहे हे सांगणारे ‘पेड’ किंवा ‘टू पे’ हे शब्द, एवढे सारे तिच्या लहानशा कागदावर मावते. तिच्यात विशेषण नसते, आणि तिच्यातील प्रत्येक शब्द काट्यावर किंवा मोजणीत पडताळता येतो. दीर्घ प्रवासाचा गोषवारा असाच एका पानाचा असावा. ‘केरळात राहून खूप काही शिकलो’ या वाक्याने शंका वाढते. ‘इडुक्कीतील वेलदोड्याच्या मळ्यावर तोडणीच्या हंगामात सहा आठवडे काम, रोजच्या तोडीची वहीत नोंद ठेवण्याची जबाबदारी, मळामालकाशी दूरध्वनीवर खात्री करता येईल’ या वाक्याने ती कमी होते. परिक्रमा केलेल्याने भक्तीचा अनुभव स्वतःजवळ ठेवावा आणि गोषवाऱ्यात किती दिवस, किती अंतर, सोबत किती जण, त्यांच्या औषधपाण्याची व खर्चाची व्यवस्था कोणाकडे, एवढेच लिहावे. अनुभवाचे मोल त्याने कमी होत नाही, तो योग्य जागी ठेवला जातो.

रिकाम्या काळाबद्दल खोटे मुळीच लिहू नये. मोठ्या कंपन्या पूर्वीच्या नोकरीच्या तारखा भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरून, म्हणजे प्रत्येक सदस्याला मिळणाऱ्या यूएएन या कायमच्या क्रमांकावरून, पडताळून पाहतात, आणि जुन्या नोकरीची मुदत चार महिन्यांनी ओढलेली सापडली तर प्रवासाबद्दल नसलेला संशय माणसाबद्दल उत्पन्न होतो. पुढे शिक्षणासाठी प्रवेश घ्यायचा असेल तर अनेक महाविद्यालये मधल्या वर्षांबाबत शपथपत्र मागतात. ते सरळ भाषेत करून ठेवावे आणि शिक्षणाच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये उतरवून घ्याव्यात.

पेढीवर प्रवेश मिळवण्याची रीत जाहिरातीची नाही. सियागंजात माणूस ओळखीने येतो, आणि ओळख नसेल तर ती आधी निर्माण करावी लागते. मसाल्यांचा, नमकीनचा किंवा मिठाईचा व्यवसाय करणारे, येथून माल घेणारे कोणी ना कोणी इंदूरच्या मराठी कुटुंबाच्याही परिचयात असते, आणि असे जुने गिऱ्हाईक ज्याच्याबद्दल शब्द टाकते त्याला पेढीवर बसायला जागा मिळते. तेथे ‘नोकरी द्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘तीन महिने अमुक काम द्या, जमले तर ठेवा’ असे म्हणणे परिणामकारक ठरते, कारण त्यात पहिल्या शंकेचे उत्तर आपोआप येते. काम मागताना ते नेमके सांगावे. माल उतरवताना नगांची मोजणी, बिल्टी आणि बिल यांचा ताळा, बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना भाव कळवणे, उधारीची यादी मुदतीप्रमाणे लावणे, अशी कामे नवख्याच्या आवाक्यातली असतात आणि त्यांतूनच रोकड व माल सोपवण्याइतका भरवसा वाढतो. तीन महिन्यांचा मेहनताना किती, सुट्टी कोणती आणि पुढे ठेवल्यास पगार किती, हे मात्र सुरुवातीलाच, शक्यतो लिहून, ठरवावे. शिकण्याच्या नावाखाली बिनपगारी राबणे परतलेल्या माणसाला परवडणारे नसते आणि चांगली पेढी तशी अपेक्षाही ठेवत नाही.

या कामासाठी थोडी तांत्रिक तयारी लागते आणि ती महिन्याभरात होण्यासारखी आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. प्रत्येक जिनसाचा एचएसएन क्रमांक, म्हणजे कराच्या हिशेबासाठी मालाच्या जातीला दिलेला सांकेतिक आकडा, बिलात असावा लागतो. पन्नास हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा संगणकावर काढलेला परवाना, बरोबर असावा लागतो, आणि साधारण मालवाहू गाडीसाठी त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मोजली जाते. ज्याने हे रस्ते स्वतः पालथे घातले आहेत त्याला मुदत कोठे कमी पडेल याचा अंदाज बसल्या जागी येतो. हिशेबासाठी टॅली हे संगणकीय साधन सर्वत्र चालते. त्यात खरेदी-विक्रीच्या नोंदी करता येणे आणि शिल्लक मालाचा तक्ता काढता येणे एवढे आरंभी पुरते. पेढीचे काम ज्यांना रुचत नाही त्यांनी देवास नाक्याकडची गोदामे व वाहतूकदारांची कार्यालये, नमकीन बनवणारे कारखाने आणि पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीतील खरेदी विभाग पाहावेत. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या व्यवस्थेत, जी २०१५ पासून चालू आहे, नाव विनाशुल्क नोंदवता येते.

स्त्रियांनी एका गोष्टीचा आधीच विचार करावा. ठोक बाजारातील गादी अजून पुष्कळ अंशी पुरुषांची आहे, आणि परिक्रमेत किंवा एकटीने केलेल्या प्रवासात मिळालेले धैर्य तेथे पहिल्याच दिवशी खर्ची घालण्याची गरज नाही. बिलांचे काम, निर्यातीची कागदपत्रे, पुड्या भरण्याचे व दर्जा तपासण्याचे विभाग आणि घरपोच विक्रीची नवी दालने यांमधून शिरकाव करणे सोपे जाते, आणि मालाची ओळख झाल्यावर भावाच्या बोलण्यात कोणी डावलू शकत नाही.

परतल्यानंतरचे पहिले महिने मनाला जड जातात, ही गोष्ट कुटुंबांनी समजून घ्यावी. रोज नवे गाव पाहिलेल्या माणसाला तोच रस्ता, तीच खुर्ची आणि तोच काटा यांचा कंटाळा येतो आणि तो कंटाळा म्हणजे काम चुकीचे निवडल्याचा पुरावा आहे असे त्याला वाटू लागते. बहुतेक वेळा तो केवळ सवयीचा बदल असतो. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला असेल तर निर्णय भीतीपोटी घ्यावे लागत नाहीत, म्हणून प्रवासाचा शेवटचा टप्पा आखतानाच ती राखून ठेवणे शहाणपणाचे. कर्ज काढून परतीचे दिवस भागवू नयेत. आणि ज्या घरी असा मुलगा किंवा मुलगी परतली असेल त्या घराने ‘वर्षे वाया गेली’ हे शब्द निदान पहिल्या दिवाळीपर्यंत उच्चारू नयेत, कारण ज्याची किंमत अद्याप कोणी मोजलेली नाही त्याला वाया गेले म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

एक वर्ष पेढीवर टिकलेला माणूस पुढे अनेक दिशांनी जाऊ शकतो. कोणी दलाली सुरू करतो, कोणी उत्पादनाच्या गावी जाऊन खरेदी पाहतो, कोणी निर्यातीकडे वळतो, तर कोणी गावाकडील शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीत विक्रीचे काम हाती घेतो. खरेदीच्या कामात तर भ्रमंती पुन्हा भेटते, आणि या वेळी तिचा खर्च पेढी उचलते. पण या साऱ्याचा आरंभ हंगाम साधून करावा लागतो. किराणा बाजाराला राखीपासून दिवाळीपर्यंत माणसे कमी पडतात आणि मोजणीला, बिलांना, गोदामाला नवे हात हवे असतात. दिवाळीत वह्यांची पूजा होते आणि लाभपंचमीपासून नव्या वर्षाचे सौदे सुरू होतात. जो श्रावणात पेढीची पायरी चढून तीन महिन्यांचे काम मागतो, त्याचे नाव त्या नव्या वहीत लिहिले जाण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. म्हणून उन्हाळा संपताना परतलेल्या प्रत्येक मराठी तरुणाने आणि तरुणीने पावसाळ्याचे पहिले दोन महिने टॅली आणि बिल्टी समजून घेण्यात घालवावेत आणि राखीच्या आठवड्यात सियागंजात जाऊन विचारावे.